लॉगिननंतरचा काळा पडदा

लॅपटॉप चालू होतो, कंपनीचे बोधचिन्ह उमटते, विंडोज पासवर्ड मागते, पासवर्ड बरोबर निघतो, 'वेलकम' अशी अक्षरे येतात आणि लगेच स्क्रीन काळीठिक्कर पडते. कधी तिच्यावर माउसचा पांढरा बाण फिरत असतो, कधी तोही नसतो. पंखा मात्र चालू असतो, कीबोर्डचे दिवे लागलेले असतात. या बिघाडाला लॉगिननंतरची ब्लॅक स्क्रीन म्हणतात. दुकानात हाच लॅपटॉप 'डिस्प्ले गेला' अशा तक्रारीने येतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पासवर्डचा चौकोन स्पष्ट दिसला, म्हणजे डिस्प्ले गेलेला नाही. स्क्रीनचे पॅनेल, त्यामागचा प्रकाश, पॅनेलला मदरबोर्डशी जोडणारी केबल, रॅम, प्रोसेसर या सगळ्यांनी तोवर आपले काम केलेले असते. डिस्कवरून विंडोज निम्म्याहून अधिक उठलेली असते. त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा पासवर्डनंतरच्या टप्प्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये असतो. याला एक अपवाद आहे. बिजागरीजवळ पिचलेली केबल झाकणाच्या विशिष्ट कोनात दगा देते आणि योगायोगाने ती वेळ लॉगिनची असू शकते. झाकण हळूहळू पुढे-मागे करून पाहिले की ही शंका फिटते. दुसरी तपासणी टॉर्चची. मोबाइलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर तिरपा धरल्यावर अंधूक चित्र दिसले, तर गेला आहे तो मागचा प्रकाश. लॉगिननंतर ब्राइटनेस एकदम शून्यावर गेल्यानेही असे होते. तेव्हा सूर्याचे चिन्ह असलेली कळ दाबून पाहणे हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे.

पासवर्ड स्वीकारल्यानंतर आत काय घडते हे कळले, तर पुढची तपासणी सोपी जाते. लॉगिनची प्रक्रिया विनलॉगऑन नावाचा भाग सांभाळतो. तो यूजरइनिट या छोट्या प्रोग्रॅमला हाक मारतो आणि यूजरइनिट एक्सप्लोररला सुरू करतो. खालची पट्टी, स्टार्टचे बटण, डेस्कटॉपवरची चिन्हे हे सगळे एक्सप्लोरर मांडतो. तो उठला नाही, तर तिसरी घंटा होऊन पडदा वर जावा, दिवे लागावेत आणि रंगमंचावर नेपथ्यच नसावे, तशी स्थिती होते. संगणक चालू असतो, पण काम करायला समोर काही नसते. काळ्या स्क्रीनवर बाण फिरत असेल, तर बहुधा हेच घडलेले असते. बाणही नसेल, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे जातो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यामधला दुवा असलेला प्रोग्रॅम.

इतर काही काळ्या स्क्रीन याच नावाने ओळखल्या जातात, त्या आधीच वेगळ्या काढलेल्या बऱ्या. स्क्रीन काळी पण तिच्यावर इंग्रजीत बिघाडाची सूचना आणि एक संकेतांक असेल, तर ती विंडोज कोसळल्याची सूचना आहे. वर्षानुवर्षे ही सूचना निळ्या रंगात येत असे. 2025 पासून विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा रंग काळा केला. दुसरा प्रकार जुन्या लोकांच्या परिचयाचा आहे. विंडोज 7 ची परवाना नसलेली प्रत पकडली गेली की डेस्कटॉपचे चित्र जाऊन पार्श्वभूमी काळी होत असे आणि कोपऱ्यात ही प्रत अस्सल नसल्याची ओळ येत असे. त्यात चिन्हे आणि पट्टी जागेवर असतात, म्हणून तो बिघाड नव्हे. मात्र 'क्रॅक' मारलेली विंडोज हे खऱ्या काळ्या स्क्रीनचेही एक कारण ठरू शकते, कारण असे क्रॅक विंडोजच्या मूळ फायलींत हात घालतात.

बदलापूरमधल्या कुळगावसारख्या ठिकाणी या बिघाडाचे निदान कसे होते, याला इथल्या अंतराचा संदर्भ आहे. बदलापूर स्टेशन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे 68 किलोमीटरवर आहे. मुंबईतले सर्व्हिस सेंटर किंवा ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठायचा, तर नोकरदाराची एक रजा जाते. म्हणून लॅपटॉप आधी घराजवळच्या दुकानात जातो, नाहीतर उल्हासनगरच्या बाजारात. छोट्या दुकानांतले कारागीर हाताचे पक्के असतात; चार्जिंगचा पॉइंट बदलणे, बिजागरी बसवणे ही कामे ते डोळे मिटून करतात. पण लॉगिननंतरच्या काळ्या स्क्रीनचे कारण शोधायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी अर्धा दिवस, आणि गिऱ्हाईक मात्र एकच दर विचारते. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकायला लागणारा वेळ ठरलेला असतो आणि त्यातून स्क्रीन हमखास उजळते. 'फॉरमॅट मारून देतो' हे उत्तर त्यामुळे काउंटरवर सर्वांत आधी येते. दुकानदाराच्या बाजूने हा हिशेब चुकीचा नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने तो बहुतेक वेळा तोट्याचा असतो.

या तोट्याची जात इथल्या वापरातच दिसते. उल्हासनगरच्या कापड आणि जीन्सच्या व्यापाऱ्याच्या लॅपटॉपवर टॅलीचे हिशेब असतात, आणि ते बऱ्याचदा डॉक्युमेंट्समध्ये नसून सी ड्राइव्हच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये साठतात. अंबरनाथ एमआयडीसीतल्या लहान कारखान्याच्या लॅपटॉपवर जीएसटी भरण्यासाठी लागणाऱ्या डिजिटल सहीचे ड्रायव्हर असतात. सोसायटीचे सचिव, शिक्षक, डीटीपी करणारे यांच्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेले अनेक वर्षांचे मराठी कागद असतात. फॉरमॅट करताना 'डेटा काढून ठेवला' असे सांगितले जाते ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या दोन फोल्डरांपुरते. टॅलीचा फोल्डर राहून जातो. फॉन्ट परत टाकले नाहीत, तर युनिकोड नसलेले मराठी कागद उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची भेळ दिसते आणि फाइल बिघडली असा समज होतो.

तपासणीची सुरुवात वाट पाहण्याने करावी, हे ऐकायला हास्यास्पद वाटले तरी खरे आहे. मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला विंडोज बरीच मांडामांड करते. त्यातही जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी नसून फिरती हार्ड डिस्क असेल, तर स्क्रीन दहा-पंधरा मिनिटे काळी राहू शकते. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत आणि विझत असेल, तर संगणक गोठलेला नाही. या मधल्या वेळेत पॉवरचे बटण दाबून धरणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण अपडेट अर्धवट राहिले की तात्पुरता बिघाड कायमचा होऊ शकतो. पावसाळ्यात वीज जाणे नवीन नाही, आणि ज्या लॅपटॉपची बॅटरी मेली आहे व जो केवळ अडॅप्टरवर चालतो, त्याचे अपडेट वीज जाताच असेच अर्धवट राहते. बॅटरी न बदलता वर्षानुवर्षे लॅपटॉप टेबलावर बांधून वापरणाऱ्यांची या बिघाडाशी गाठ जास्त पडते ती यामुळेच.

वाट पाहून झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि पेन ड्राइव्ह, प्रिंटर, डॉंगल, एचडीएमआय केबल असे जोडलेले सगळे काढून पुन्हा चालू करावा. घरून काम करताना मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेला असेल, तर चित्र त्या दुसऱ्या स्क्रीनवर पाठवण्याची सेटिंग कधीकधी चिकटून राहते. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून, बाणाने एक पर्याय हलवून एंटर दाबल्यावर चित्र परत येते. काहीच दिसत नसताना हे आंधळेपणाने करावे लागते, म्हणून दोन-चार वेळा करून पाहावे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो; एक बारीक बीप ऐकू येतो आणि स्क्रीन क्षणभर लुकलुकते. याने काहीही पुसले जात नाही.

यानंतर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबून पाहावे. निदानाच्या दृष्टीने ही सगळ्यात मोलाची चाचणी आहे. या तीन कळांना उत्तर देणारा भाग एक्सप्लोररहून वेगळा असतो. लॉक, साइन आउट, टास्क मॅनेजर असे पर्याय असलेली स्क्रीन उमटली, तर ग्राफिक्स ठीक आहे आणि दोष त्या वापरकर्त्याच्या सत्रात आहे, हे जवळजवळ सिद्ध होते. उमटली नाही, तर ड्रायव्हरकडे वळावे.

पर्याय दिसले, तर टास्क मॅनेजर उघडावा. तो कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबूनही उघडतो. त्यात नवे काम चालवण्याचा पर्याय निवडून एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असे टाइप करावे आणि एंटर दाबावे. डेस्कटॉप लगेच मांडला गेला, तर रोग सापडला. पण तो बरा झालेला नाही, कारण पुढच्या लॉगिनला तेच घडेल. उजळलेल्या डेस्कटॉपचा पहिला उपयोग महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्यासाठी करावा. बहुतेक जण डेस्कटॉप दिसल्याच्या आनंदात नेमके हेच विसरतात.

एक्सप्लोरर आपोआप का उठला नाही, याची कारणे दोन-तीनच असतात. पहिले रजिस्ट्रीत. विंडोजची सगळी सेटिंग्ज जिथे नोंदलेली असतात त्या रजिस्ट्रीत विनलॉगऑन नावाची शाखा आहे आणि तिच्यात शेल अशी नोंद आहे. तिच्यासमोर एक्सप्लोरर डॉट ईएक्सई एवढेच लिहिलेले असायला हवे. काही व्हायरस ही नोंद बदलून तिथे आपले नाव घालतात. पुढे अँटिव्हायरस त्या व्हायरसची फाइल पुसतो, पण नोंद तशीच राहते. विंडोज दर लॉगिनला अस्तित्वात नसलेली फाइल शोधते, ती मिळत नाही आणि स्क्रीन काळी राहते. व्हायरस गेल्यावर लॅपटॉप बिघडला, अशी तक्रार येते ती यामुळे.

याच नोंदीवरून 2009 मध्ये जगभर गदारोळ झाला होता. प्रेव्हएक्स या सुरक्षा कंपनीने नोव्हेंबरअखेरीस जाहीर केले की मायक्रोसॉफ्टच्या ताज्या अपडेटमुळे लॉगिननंतर स्क्रीन काळ्या पडत आहेत. मायक्रोसॉफ्टने तपास करून अपडेटचा संबंध नाकारला आणि डाओनॉलसारख्या व्हायरसांकडे बोट दाखवले. प्रेव्हएक्सला आपले म्हणणे मागे घेऊन माफी मागावी लागली. 'अपडेट केले आणि बिघडले' हे विधान तज्ज्ञांच्या तोंडूनही तपासल्याशिवाय खरे मानता येत नाही, इतका धडा त्यातून घेण्यासारखा आहे. अपडेट निर्दोष असतात असे मात्र मुळीच नाही.

दुसरे कारण लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची गर्दी. एकाच लॅपटॉपवर दोन अँटिव्हायरस, मुदत संपलेला एखादा तिसरा, प्रिंटरचे आणि फोनचे मदतनीस, 'संगणक वेगवान करणारी' फुकट साधने असे सगळे एकदम उठू लागले की त्यांतला एखादा बाकीच्यांना अडवून बसतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून अनावश्यक नावे बंद करता येतात. विंडोजचीच ॲप रेडिनेस नावाची सेवा काही लॅपटॉपांवर बराच वेळ स्क्रीन काळी ठेवते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती बंद करून पाहणे हा जाणकारांचा जुना उपाय आहे.

तिसरे कारण खराब झालेले वापरकर्ता-खाते. त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या खात्याने लॉगिन नीट होत असेल, तर विंडोज ठणठणीत आहे आणि पहिल्या खात्याचे प्रोफाइल बिघडले आहे. नवे खाते काढून जुन्याचे कागद त्यात हलवले की काम होते. आपल्याकडे आई, बाबा, मुले सगळी एकाच खात्यात वावरतात, त्यामुळे ही सोपी चाचणी करायला दुसरे खाते सहसा नसतेच. वेळ यायच्या आधी ते काढून ठेवलेले चांगले.

आता ड्रायव्हरचा मार्ग. इथे सेफ मोड लागतो, आणि पासवर्डची स्क्रीन दिसत असल्यामुळे तिथे पोहोचणे सोपे आहे. त्या स्क्रीनच्या कोपऱ्यातले पॉवरचे चिन्ह उघडावे आणि शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडावे. निळ्या पार्श्वभूमीवर दुरुस्तीचे पर्याय येतात. त्यांत ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन पुन्हा रीस्टार्ट केले की आकड्यांची यादी मिळते. 4 दाबल्यावर साधा सेफ मोड, 5 दाबल्यावर इंटरनेटसह सेफ मोड. इथे दोन अडसर येऊ शकतात. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असे नाही, खात्याचा मूळ पासवर्ड लागू शकतो. दुसरे म्हणजे डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. नव्या विंडोज 11 मध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते आणि की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. ते खाते दुकानदाराने आपल्याच ईमेलवर उघडून दिले असेल, तर की त्याच्याकडे आहे.

सेफ मोडमध्ये विंडोज बाहेरचे ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि आपल्या साध्या ड्रायव्हरने चित्र दाखवते. तिथे डेस्कटॉप नीट दिसला, की हार्डवेअरवरचा संशय जवळजवळ संपतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्स उघडून ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर नेता येतो किंवा काढून टाकता येतो. नवा ड्रायव्हर घ्यायचा, तर तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपांत, म्हणजे इंटेलच्या जोडीला एनव्हिडिया किंवा एएमडी असते तिथे, हे पथ्य जास्तच पाळावे. विंडोज 10 ची नियमित मदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यावर पात्र नसलेल्या जुन्या लॅपटॉपांवर आडवाटेने विंडोज 11 चढवली जाऊ लागली. अशा यंत्रांना कंपनीने विंडोज 11 साठी ग्राफिक्स ड्रायव्हर बनवलेला नसतो, आणि त्यातून काळी स्क्रीन उद्भवली तर तो लॅपटॉपचा दोष म्हणता येत नाही.

दुरुस्तीच्या त्याच निळ्या पर्यायांत ताजे अपडेट काढून टाकण्याची आणि सिस्टीम रिस्टोअरने आधीच्या तारखेला जाण्याची सोय आहे. दोन्हींत वैयक्तिक कागद जात नाहीत. विंडोजच्या फायली तपासायच्या, तर कमांड प्रॉम्प्टमधला एसएफसी हा आदेश आणि त्याच्या जोडीचा डिझम हा आदेश वापरतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा फायली उघडायला मिनिटे लागत असतील, तर मात्र हे सगळे प्रयोग थांबवून डिस्क काढावी, यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि आधी डेटा उतरवावा. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचे आदेश चालवले, की ती लवकर मरते.

ओल हा इथला स्वतंत्र विषय. 26 जुलै 2005 चा पूर आणि 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास खोऱ्यातल्या लोकांना सांगावी लागत नाही. पाण्यात गेलेला लॅपटॉप लॉगिनपर्यंत पोहोचतो आणि मग काळा पडतो, असेही होते. त्याला वरचे कोणतेही उपाय लागू नाहीत. तो चालू करून पाहण्याची घाई न करता कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावा. पूर नसला तरी पावसाळ्यातली दमट हवा आणि पंख्यात साचलेली धूळ यांमुळे यंत्र तापते. तापून काळी पडणारी स्क्रीन मात्र लॉगिनची वेळ पाळत नाही, केव्हाही जाते.

फॉरमॅटशिवाय किती दूर जाता येते, याचा सर्वांत मोठा पुरावा 19 जुलै 2024 चा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती स्क्रीन निळी होती आणि बिघाड लॉगिनच्याही आधीचा, म्हणजे अधिक गंभीर. तरीही उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसण्याचा.

लॉगिननंतरच्या काळ्या स्क्रीनवर फॉरमॅट हा खरा उपाय ठरतो तो व्हायरसने विंडोज पोखरलेली असताना, अपडेट अर्धवट राहून दुरुस्तीचे पर्यायही चालत नसताना, किंवा मूळ प्रतच क्रॅकची असताना. त्या वेळीही टॅलीचा फोल्डर, फॉन्ट, ईमेलच्या फायली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड यांची यादी कागदावर लिहून कारागिराच्या हाती द्यावी. लॅपटॉप दुकानात ठेवताना जॉब कार्ड घ्यावे आणि 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' ही ओळ त्यावर लिहून सही घ्यावी. वॉरंटी शिल्लक असेल, तर बाहेर उघडण्याआधी कंपनीला कळवावे. कबूल केलेले काम झाले नाही आणि दुकान किंवा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.